सल्ला देणे सोपे, समुपदेशन अवघड

परवा दुपारी शेवटचा रुग्ण गेल्यावर ओळखीचे एक गृहस्थ मुलीला घेऊन दवाखान्यात आले. मुलगी बारावीत. म्हणाले, "डॉक्टर, हिला मानसशास्त्र घ्यायचे आहे. समुपदेशक होईन म्हणते. पण पुढे पोटापाण्याचे काय? आणि चार शब्द सांगायला एवढे शिकायचे तरी कशाला?"

पहिला प्रश्न रास्त आहे. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी मी त्यांना एका मुलाची गोष्ट सांगितली.

मागच्या वर्षी दहावीतला एक मुलगा माझ्याकडे आला. सहा महिने अभ्यासावरून मन उडालेले, पहाटे तीनला झोप मोडायची, जेवण तुटलेले. शाळेत येणाऱ्या एका 'समुपदेशका'ने त्याला रोज चांगल्या विचारांचे एक पान लिहायला सांगितले होते. मुलाने इमानाने लिहिले. वहीच्या शेवटच्या पानांवर मात्र मरणाचे विचार होते आणि ती पाने कोणी वाचलीच नव्हती. त्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता. त्यांचे शिक्षण म्हणजे दोन रविवारांचा वर्ग आणि एक रंगीत प्रमाणपत्र! नैराश्य कसे ओळखावे, मरणाचे विचार येतात का हे सरळ विचारावे, विचारल्याने ते विचार मनात रुजत नाहीत, आणि आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण वेळेवर पुढे पाठवावा, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. सुदैवाने मुलगा उपचारांनी सावरला. दर वेळी सुदैव साथ देईलच असे नाही.

मग खरे शिक्षण कोणते? मानसशास्त्राची पदवी, त्यानंतर दोन वर्षांचे एम.ए. समुपदेशन, औद्योगिक किंवा चिकित्सा मानसशास्त्र अशा शाखा निवडता येतात. मुंबई विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. 'चिकित्सा मानसशास्त्रज्ञ' म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि तिची नोंदणी लागते. आजवर त्यासाठी दोन वर्षांचे एम.फिल. हा राजमार्ग होता. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद करायचे ठरवल्याने हा मार्ग बदलतो आहे. म्हणून पैसे भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाचे नाव परिषदेच्या यादीत आहे का, हे पालकांनी स्वतः पाहावे. एक गोष्ट ध्यानात ठेवावी : मानसोपचारतज्ज्ञ हा आधी एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर असतो. औषधे तो लिहितो, समुपदेशक नव्हे.

आता पोटापाण्याचे. काम नाही असे कोणी म्हणू नये. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. सरकारी रुग्णालयांत एचआयव्ही तपासणीपूर्वी व नंतर समुपदेशन होते, किशोरवयीनांसाठी स्वतंत्र सल्ला केंद्रे आहेत. कारखान्यांना आणि कंपन्यांना माणसांची निवड व प्रशिक्षण यांसाठी मानसशास्त्र लागते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलीमानस या १४४१६ क्रमांकाच्या सेवेवरही प्रशिक्षित समुपदेशकच फोन घेतात. शिवाय जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले आहेत.

नेमकी इथेच मला भीती वाटते. कागदावर नेमणूक दाखवण्यासाठी संस्था स्वस्तातला माणूस शोधतील आणि दोन रविवारांच्या वर्गांचे पीक येईल. २०२१ च्या संबंधित आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने समुपदेशकांनाही आपल्या कक्षेत घेतले, ही चांगली गोष्ट झाली. पण कायद्याची घडी नीट बसेपर्यंत पारख आपल्यालाच करावी लागणार. तुमचे शिक्षण काय, प्रत्यक्ष सराव कोणाच्या देखरेखीखाली केला, हे प्रश्न विचारायला पालकांनी संकोच करू नये. सोनाराला आपण कस विचारतोच ना?

दुसरा दोष आपल्या व्यवस्थेचा. चांगले प्रशिक्षण पुण्या-मुंबईत एकवटले आहे. खोलीभाडे आणि खानावळ परवडत नाही म्हणून तालुक्यातल्या हुशार मुली एम.ए.ला जात नाहीत, आणि ज्या जातात त्या परतत नाहीत. परतल्या तरी वाट्याला येते ती बहुधा कंत्राटी नोकरी आणि तुटपुंजे मानधन. १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. त्याच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ता यांची पदे आहेत. जिल्ह्यातल्या महाविद्यालयाने एम.ए. चालवावे आणि विद्यार्थ्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या या पथकाच्या हाताखाली आठवड्यातून दोन दिवस बसावे. याला नवी इमारत लागत नाही. प्राचार्य आणि जिल्हा शल्यचिकित्सक एका टेबलाशी बसले तरी सुरुवात होईल, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या बोलीत बोलणारा आणि आपल्या घरची ओढाताण जाणणारा समुपदेशक आपल्याच मातीत तयार झाला पाहिजे.

त्या मुलीला मी एकच विचारले, "दुसऱ्याचे रडणे मध्ये न बोलता ऐकता येईल का?" ती जरा थांबली. म्हणाली, "अजून नाही. पण शिकेन." वडिलांकडे वळून मी म्हटले, "घाला हिला खुशाल. मात्र शिकू द्या पुरते."