पेटीतला इतिहास

संशोधनासाठी दरमहा पैसे मिळतात, असे म्हटले की आमच्या सांगलीकर मित्राच्या भुवया वर चढतात. “वासुदेवशास्त्री खऱ्यांना कोणी वृत्ती दिली होती हो?” खरेच. मिरजेच्या शाळेत शिकवता शिकवता शास्त्रीबुवांनी पटवर्धनांची दप्तरे धुंडाळली आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड काढले. पण वाचकहो, खरेशास्त्री रोज जन्मत नाहीत. कागद मात्र रोज रद्दीत जातात!

वॉशिंग्टनच्या हवाई व अंतराळ संग्रहालयात अ‍ॅडमिरल रॅम्सी यांच्या नावाची एक संशोधनवृत्ती आहे, ती खास नौदलाच्या विमानांच्या इतिहासासाठी. सातारा-सांगलीला समुद्र नाही. मग आपल्याला त्याचे काय? पुष्कळ आहे.

‘विक्रांत’ ४ मार्च १९६१ रोजी नौदलात आली. १८ मे रोजी लेफ्टनंट ताहिलियानी यांनी तिच्या पाठीवर सी हॉक विमान उतरवले. त्याच वर्षी साताऱ्यात देशातली पहिली सैनिक शाळा निघाली. ४ डिसेंबर १९७१ ला ‘विक्रांत’च्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाव गाठले. त्या पूर्वेकडच्या ताफ्यात ‘कामोर्ता’चे कप्तान होते मनोहर आवटी. त्यांनीच १९७८ साली मुंबईत सागरी इतिहासाची संस्था काढली आणि निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत घर केले. २०१८ मध्ये तेही गेले.

सेनापतींची नावे राहतात. पण उतरणाऱ्या विमानाला अडवणारी तार सांभाळणारा, डेकखाली रात्रभर इंजिन उघडून बसणारा खलाशी? त्याचा इतिहास त्याच्या लोखंडी पेटीत असतो: चार पत्रे, दोन फोटो, एक सेवापुस्तक. ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली, २०१४ मध्ये भंगारात निघाली. १९६१ साली विशीत असलेले आज ऐंशीच्या पुढे आहेत. पत्रे थांबतील, माणसे थांबत नाहीत.

दिल्लीची इतिहास संशोधन परिषद वृत्त्या देते, हे चांगलेच. पण सातारा, सांगली, कोल्हापूरसाठी १९६२ पासून आपले शिवाजी विद्यापीठ आहे. तिथे एखाद्या होतकरू मुलीला दोन वर्षे पोटापुरते पैसे, एस.टी.चा पास, एक ध्वनिमुद्रक आणि प्रबंध मराठीत लिहिण्याची मुभा द्यावी. आजोबा मराठीत बोलणार. त्यांची साक्ष इंग्रजीत कशाला घोटायची?

तोवर, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर तशी पेटी सापडलीच, तर रद्दीवाल्याचा तराजू येण्याआधी आजोबांना एवढेच विचारा: “हा फोटो कुठला?”