कळकलेली नदी

घरोघरी तांब्या-पितळेची भांडी होती तेव्हा कल्हईवाल्याची हाक ऐकली की बायका हातातले काम टाकून बाहेर येत. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक किंवा आंबट आमटी राहिली, तर ती कळकायची. रंग हिरवट, तोंडात घेताच मळमळ. आई ती सरळ ओतून द्यायची. पोरांना चाखूसुद्धा देत नसे. भांडे लहान, म्हणून ओतता आले. पण वाचकहो, अख्खी नदीच कळकली तर ती कुठे ओतायची?

जपानमध्ये असे घडले आहे. टोकियोच्या उत्तरेला डोंगरात आशिओ ही तांब्याची जुनी खाण. तिथूनच वातारासे नदी खाली भातशेतीच्या मैदानात उतरते. १८७७ साली फुरुकावा इचिबेई या व्यापाऱ्याने खाण घेतली. पुढे तांब्याचे मोठे साठे लागले आणि ती देशातली सर्वात मोठी तांब्याची खाण झाली. दगडाचा चुरा, भट्टीतला टाकाऊ माल, खाणीतले पाणी, सगळे नदीत जाऊ लागले. १८८५ साली नदीतले आयू मासे मरून तरंगू लागले.

आयू हा वर्षभराच्या आयुष्याचा छोटा मासा. दगडांवरचे शेवाळ खरवडून खातो. वातारासेच्या काठी कित्येक घरांची चूल त्याच्यावर पेटायची. हा मासा तांब्याने मेला तो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. मासा कल्ल्यांनी श्वास घेतो आणि अंगातले मीठही कल्लेच सांभाळतात. पाण्यात विरघळलेले तांबे या कल्ल्यांना धरते. अंगातले मीठ निघून जाऊ लागते, कल्ल्यांवर बुळबुळीत थर चढतो आणि पाण्यात असूनही जीव गुदमरतो. माणसाच्या पिण्याच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत तांबे जागतिक आरोग्य संघटना चालवून घेते. क्षार कमी असलेल्या डोंगरी पाण्यात त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही काही माशांची पिले मरतात. तेव्हा ‘आम्ही हेच पाणी पितो, आम्हाला कुठे काय झाले?’ हे उत्तर नदीच्या बाबतीत कामाचे नाही. शिवाय माशाचे अन्नही जाते. शेवाळात तांबे साठते, दगडाखालच्या किड्यांच्या अळ्या आणि गोगलगायी नाहीशा होतात. पाणी दिसायला मात्र नितळ असू शकते.

पाळी शेतावर यायला वेळ लागला नाही. खाणीच्या टेकूंसाठी आणि भट्टीसाठी डोंगर तोडला होता, उरलेली झाडे गंधकाच्या धुराने जळाली. उघड्या डोंगरावरून पूर धावू लागले. १८९० च्या मोठ्या पुराने तो गाळ शेतात पसरला आणि पिके गेली. शेतकऱ्यांनी माती तपासून घेतली, तांबे सापडले. तानाका शोझो या लोकप्रतिनिधीने १८९१ मध्ये संसदेत जाब विचारला. खाण चालूच राहिली. १९०० च्या फेब्रुवारीत शेतकरी टोकियोकडे पायी निघाले, त्यांना वाटेत पोलिसांनी झोडपले. तानाकांनी खासदारकी सोडली आणि १० डिसेंबर १९०१ रोजी सम्राटाच्या गाडीपुढे अर्ज घेऊन धावले. पहारेकऱ्यांनी पकडले, वेडा ठरवून सोडून दिले.

सरकारने शेवटी उपाय काढला तो असा: दोष पुराचा, म्हणून पुराला जागा हवी. त्या जागेसाठी यानाका हे गाव उठवले. जे हटले नाहीत त्यांची घरे १९०७ मध्ये पाडली. तानाका त्यांच्याबरोबरच राहिले. १९१३ साली वारले तेव्हा त्यांच्याजवळ एक पिशवी होती. त्यात काही कागद, वह्या, पुस्तके आणि थोडे खडे. कमाई म्हणावी तर एवढीच.

खाण १९७३ ला बंद पडली. पुढच्या वर्षी कंपनीने शेतकऱ्यांना १५५ कोटी येन भरपाई देण्याचे कबूल केले. पहिले मासे मेले त्याला तेव्हा जवळजवळ नव्वद वर्षे झाली होती. ज्यांची रोजी बुडाली ते कोळी तोवर कुठले उरायला! आणि ११ मार्च २०११ च्या भूकंपात खाणीच्या जुन्या गाळाचा एक ढीग घसरला. नदीच्या पाण्यात मर्यादेपेक्षा जास्त शिसे सापडले. खाण बंद होऊन अडतीस वर्षे झाली होती. डोंगराच्या पोटातून झिरपणारे पाणी आजही शुद्ध करूनच नदीत सोडावे लागते.