परसांतील ढोबळी मिरची व घरचें बीं

दहा-वीस एकर जमिनीचा धनी असलेल्या शेतकऱ्याच्या घरीं आठवड्याच्या बाजारांतून पावकिलो ढोबळी मिरची विकत यावी, यांत आतां कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं. आम्हांस वाटतें. त्याहूनही खेदाची गोष्ट अशी कीं, ज्यांच्या परसांत हें पीक उभें असतें त्यांच्याही घरीं त्याचें बीं नसतें. यंदा रोपवाटिकेंतून रोपें आणावयाचीं व पुढील वर्षीं पुन्हां तेथेंच जावयाचें, असा क्रम पडून गेला आहे. भाजी विकत घेणें हा चार पैशांचा प्रश्न. परंतु बीं धरण्याची विद्या विसरणें हें कायमचें नुकसान होय. ती विद्या पुन्हां हस्तगत करण्यास परसबागेसारखी जागा नाहीं, असें आमचें मत आहे.

कित्येकजण बाजारांतील हिरवें फळ चिरून त्यांतील बिया मातींत टाकतात आणि उगवल्या नाहींत म्हणजे जमिनीस दोष देतात. वस्तुतः हिरवी ढोबळी मिरची हें अपक्व फळ होय. जातीप्रमाणें तें तांबडें किंवा पिवळें झाल्यावरच आंतील बीं पक्व होतें. शिवाय बाजारांतील बहुतेक माल संकरित जातींचा असतो. त्याचें बीं उगवलें तरी पुढची पिढी एकसारखी निपजत नाहीं. म्हणून आरंभ सरळ जातीपासून करावा. कॅलिफोर्निया वंडर ही जुनी जात, अथवा बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनें निवड पद्धतीनें काढलेल्या अर्का मोहिनी व अर्का गौरव या जाती त्यास योग्य आहेत.

आपल्याकडील मैदानी भागांत या पिकास थंडीचे दिवस मानवतात. उष्णमान ३५ अंशांच्या आसपास गेलें कीं फुलें गळतात. यास्तव ऑगस्टांत गादीवाफ्यावर रोप टाकावें. बीं अर्धा ते एक सेंटिमीटरच खोल जावें. वाफ्यांत पाणी सांचूं देऊं नये, नाहींतर कोवळीं रोपें बुडाशीं कुजून कोलमडतात. पेरण्यापूर्वीं बियांस ट्रायकोडर्मा चोळल्यास हा धोका कमी होतो. पांच-सहा आठवड्यांनीं ६० × ४५ सेंटिमीटर अंतरावर लागण करावी. ज्या जागीं नुकतीच वांगीं, टोमॅटो किंवा बटाटे झाले असतील ती जागा टाळावी, कारण हीं सारीं एकाच कुळांतील पिकें असून त्यांचे रोगही पुष्कळसे सामाईक आहेत. तंबाखू मळलेल्या हातांनीं रोपांस शिवूं नये. तंबाखूवरील केवडा रोगाचा विषाणू हातांवाटे मिरचीवर येतो.

आतां मुख्य मुद्दा. ढोबळी मिरची व आपली नित्याची तिखट मिरची या एकाच जातिकुळींतील होत. फूल स्वतःच्या परागानें फळतें खरें, परंतु मधमाश्या एकीचा पराग दुसरीवर नेतात. असा संकर झाला तरी त्या वर्षींचें फळ गोडच राहतें. त्याच्या बियांपासून होणाऱ्या झाडांचीं फळें मात्र तिखट निघतात. म्हणून निरोगी अशा पांच-सहा झाडांवरील निवडक कळ्यांस उमलण्यापूर्वींच तलम कापडाची पिशवी बांधावी, मधून मधून फांदी हलवावी व फळ धरल्यावर पिशवी काढून देंठास दोरा बांधावा. तें फळ पुरतें रंगेपर्यंत तोडूं नये. बीं सावलींत वाळवून, जातीचें नांव व वर्ष लिहून घट्ट झांकणाच्या बाटलींत ठेवावें. कोरडें राहिल्यास तें दोन वर्षें तरी उपयोगी पडतें.

यावर कोणी म्हणेल, रोपें तयार मिळत असतां हा खटाटोप कशास? शेडनेटमध्यें शहरच्या बाजारासाठीं ढोबळी मिरची करणाऱ्यानें संकरित बीं घ्यावें, यास आमची हरकत नाहीं. एकसारखा व भरघोस माल ही त्याची गरज आहे. परंतु घरच्या वाफ्यास ती गरज नसते. आणि ज्यानें जन्मांत एकही बीं राखलें नाहीं, त्यास विकतच्या बियाण्याची पारख तरी कशी यावी? दुकानदार सांगेल तें घेणें व न उगवल्यास हात चोळीत बसणें, एवढेंच त्याच्या हातीं उरतें.

पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ याच्या ३९ व्या कलमानें शेतकऱ्यास बीं राखण्याचा, पुन्हां पेरण्याचा, अदलाबदलीचा व विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित जातीचें बीं नाममुद्रा लावून विकण्यास तेवढी बंदी आहे. हा हक्क कागदावर कितीही भक्कम असला तरी घरांत बियांची बाटली नसेल तर तो निरर्थक आहे. सभासद बंधूंनीं येत्या हंगामांत एक वाफा व सहा झाडें या कामीं घालावीं, आणि पुढील वर्षीं शेजाऱ्यास चिमूटभर बीं द्यावें, एवढीच आमची सूचना आहे.