लुटुपुटूच्या आगीचे मोल

मुंबईसारख्या महानगरातील अग्निशमन दलाच्या जवानाला आग शोधीत जावे लागत नाही. गोदामे, झोपडपट्ट्या आणि उंच इमारती त्याला वर्षभर उसंत देत नाहीत. विमानतळावरील जवानाची गोष्ट नेमकी उलट आहे. सज्ज बंबाजवळ तो पाळीमागून पाळी करीत राहतो आणि पेटलेले प्रवासी विमान एकदाही न पाहता बहुधा सेवानिवृत्त होतो. त्याने तसेच निवृत्त व्हावे, अशीच कोणाचीही इच्छा असणार. परंतु प्रसंग ओढवलाच तर त्या क्षणी शिकायला त्याच्याजवळ अवधी नसतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांनुसार धावपट्टीवर कोठेही बंब शक्यतो दोन आणि फार तर तीन मिनिटांत पोहोचला पाहिजे. ही मिनिटे कोणी लहरीने ठरविलेली नाहीत. विमानाच्या धडाचा ॲल्युमिनियमचा पत्रा जळत्या इंधनापुढे फार काळ तग धरीत नाही, हे त्यामागचे साधे कारण आहे.

वेळेवर पोहोचणे म्हणजे सर्व काही नव्हे, हे मँचेस्टरने दाखवून दिले. २२ ऑगस्ट १९८५ रोजी कॉर्फू बेटाकडे निघालेल्या बोइंग ७३७ विमानाच्या डाव्या इंजिनातील ज्वलनकक्ष धावपट्टीवर वेग घेत असतानाच फुटला. त्याचा तुकडा पंखातील इंधन टाकीच्या झाकणावर आदळला आणि गळत्या इंधनाने पेट घेतला. वैमानिकाने उड्डाण तात्काळ रद्द केले. विमानाने जमीन सोडलीच नाही. विमानतळाचे बंब अक्षरशः मिनिटाच्या आत हजर झाले. तरीही विमानातील १३७ जणांपैकी ५५ जण दगावले, आणि त्यांतील बहुतेकांचा बळी ज्वाळांनी नव्हे, तर विषारी धुराने घेतला. विमान धावपट्टीवरून वळून जेथे थांबले तेथे मंद वाराच आग धडाकडे लोटीत होता. श्वसनसंच चढवून आत शिरू पाहणाऱ्या एका जवानाला आतील स्फोटाने दाराबाहेर फेकून दिले. बाहेरून फेसाचा मारा करणे हे एक कौशल्य आणि धुराने भरलेल्या अरुंद केबिनमध्ये खुर्च्या चाचपडत माणूस शोधणे हे सर्वस्वी वेगळे कौशल्य, हा भेद त्या दिवशी उघड झाला.

हे दुसरे कौशल्य पुस्तकातून येत नाही. त्यासाठीच विमानाच्या आगीचे सिम्युलेटर उभारले जातात. सराव पूर्वीही होत असे. जमिनीत खड्डा खणावयाचा, त्यात रॉकेल किंवा टाकाऊ तेल ओतावयाचे, जुन्या विमानाचा सांगाडा मधोमध ठेवावयाचा आणि काडी लावावयाची. आग अस्सल असे, धूरही अस्सल असे. पण तेल आणि फेस यांचे मिश्रण जमिनीत मुरत राही. फेसातील फ्लोरिनयुक्त रसायने नष्ट होता होत नाहीत, आणि अमेरिका व ऑस्ट्रेलियात अशा सरावाच्या मैदानांखालचे भूजल त्यामुळे दूषित झाले. आता जाड पोलादाचे धड, पंख, इंजिने आणि चाकांचा सांगाडा उभारून त्यांत जागोजागी गॅसच्या शेगड्या बसवितात. हा गॅस म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्याच जातीचा. नियंत्रणकक्षात बसलेला प्रशिक्षक कळ दाबून इंजिन पेटवितो, मग चाके, मग केबिन. जवान संकटात सापडला की दुसरी कळ दाबून क्षणात सारे विझवितो. पाण्याने सराव करता येतो आणि तीच आग दिवसातून दहा वेळा लावता येते.

या सोयीतच तिची उणीवही दडलेली आहे. गॅसची ज्योत स्वच्छ असते. विमानाच्या इंधनाचा काळाकुट्ट धूर ती देत नाही, तो कृत्रिम रीतीने सोडावा लागतो. शिवाय ही आग जवानाच्या कौशल्याने विझते की प्रशिक्षकाच्या दयेने, हे कळणे कठीण. आणखी एक गोष्ट अशी की सिम्युलेटर सपाट सिमेंटवर उभा असतो, अपघात मात्र जागा निवडून होत नाही. मंगळुरूला २२ मे २०१० रोजी विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले, पेटले आणि १५८ जण प्राणांस मुकले. सॅन फ्रान्सिस्कोत ६ जुलै २०१३ रोजी तर फेसाखाली झाकल्या गेलेल्या एका प्रवासी मुलीच्या अंगावरून अग्निशमन वाहने गेली. ज्वाळेवर खिळलेली नजर जमिनीकडे वळविणे, हेही शिकवावेच लागते.

तरीसुद्धा या यंत्राला पर्याय नाही. डोळ्यांवर चष्मा चढवून संगणकातील आग विझविण्याचे नवे तंत्र निर्णय घेण्याच्या सरावाला उपयुक्त आहे. पण त्या आगीने कान भाजत नाहीत की श्वास कोंडत नाही. आंतरराष्ट्रीय मानकेही जवानांनी प्रत्यक्ष आगीच्या सरावात भाग घेतलाच पाहिजे, आणि त्यात दाबाने उसळणाऱ्या इंधनाची आगही असावी, असे सांगतात.

भारतात २०१४ साली ७४ विमानतळ चालू होते; २०२४ पर्यंत ही संख्या दीडशेच्या पुढे गेली. चिपी २०२१ मध्ये सुरू झाला, मोपाचे उद्घाटन २०२२ मध्ये आणि नवी मुंबईचे २०२५ मध्ये झाले. विमानतळ प्राधिकरणाची अग्निशमन प्रशिक्षण केंद्रे मात्र दिल्ली व कोलकात्याला आहेत. कोकणातील जवानाने प्रारंभीचे शिक्षण तेथे घ्यावे हे ठीक. पण आगीची सवय दरवर्षी ताजी करावी लागते, आणि प्रत्येक वेळी पाळी रिकामी ठेवून त्याला हजार-दोन हजार किलोमीटर धाडणे लहान विमानतळाला परवडणारे नाही. ट्रेलरवरून नेता येणारे लहान सिम्युलेटर उपलब्ध आहेत. असा एक संच चार-पाच विमानतळांत फिरता ठेवणे अशक्य नाही. मोठ्या सरावासाठी १९५७ पासून नागपुरात असलेल्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाची जोड मिळू शकेल. ते गृह मंत्रालयाचे आणि विमानतळ दुसऱ्या मंत्रालयाचे, ही अडचण कागदावरची आहे.

काचेच्या भिंती आणि संगमरवरी दालने उद्घाटनाच्या छायाचित्रांत शोभून दिसतात. विमानतळाचे प्रशासन प्रवाशांची व उड्डाणांची आकडेवारी उत्साहाने जाहीर करते. त्याच कोष्टकात आणखी एक रकाना असावयास हरकत नाही: या विमानतळावरील किती जवान गेल्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष पेटलेल्या केबिनमध्ये शिरून आले.