नवसाच्या केसांचे पुढे काय होते?

तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यात, म्हणजे केशदानाच्या जागी, आधी लांब केसांच्या गाठी बांधल्या जातात, मग वस्तरा चालतो. भाविकाला एक पैसा पडत नाही. गाठीमुळे सगळ्या केसांची मुळे एकाच बाजूला राहतात, आणि बाजारात 'रेमी' केसांना भाव मिळतो तो याचसाठी. पुढे लांबीनुसार प्रतवारी होते, ऑनलाइन लिलाव होतो आणि देवस्थानाच्या तिजोरीत वर्षाला शंभर कोटींहून अधिक रुपये जमा होतात. नवस फेडून कोल्हापूर-सोलापूरकडे परतणाऱ्या बाईला केस विकले जातात एवढे ऐकून ठाऊक असते. ते कुणाच्या डोक्यावर जातात, हे तिला कुणी सांगत नाही.

2004 मध्ये हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून विचारला गेला. कर्मठ ज्यू पंथांतल्या विवाहित स्त्रिया आपले केस झाकतात आणि त्यासाठी अनेकजणी विग वापरतात. हे केस मूर्तिपूजेत अर्पण झालेले असतील तर ते वापरणे त्यांच्या धर्मशास्त्राला मान्य नाही. लंडनचे एक रब्बी चौकशीसाठी थेट तिरुपतीला येऊन गेले. त्यानंतर जेरुसलेमचे ज्येष्ठ रब्बी योसेफ शालोम एल्याशिव यांनी असे विग निषिद्ध ठरवले आणि ब्रुकलिनच्या रस्त्यांवर विगांच्या होळ्या पेटल्या. वाद मोठा बारीक होता. केस देवाला वाहिले जातात, की दर्शनाआधी उतरवून टाकले जातात? (आपल्याच घरात दोघांना विचारले तर दोन उत्तरे येतील.)

यात आपल्या श्रद्धेचा अपमान झाला असे मला वाटत नाही. वस्तू कुठून आली आणि देणाऱ्याच्या मनात काय होते, एवढ्या खोलात सहसा कोणताही खरेदीदार जात नाही. पण ती चौकशी वापरणारीच्या शुद्धतेपुरती होती. वाटेत राबणाऱ्या हातांविषयी त्या चौकशीला काही विचारायचे नव्हते.

ते हात पाहायचे तर दुसऱ्या प्रकारच्या केसांकडे वळावे लागते. विंचरताना निघालेला गुंता आपल्याकडे बायका साठवतात आणि दारावर येणाऱ्या फेरीवालीला देऊन भांडे किंवा फुगे घेतात. या केसांना कुठलाच देव चिकटलेला नसल्याने धर्माची हरकत नाही. पण तो गुंता कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या ठिकाणी बायका हाताने, केस-केस करत सोडवतात. त्यांच्या मजुरीचा प्रश्न विचारला तर धर्माच्या चाळणीतून सहज निघालेला हा माल नीतीच्या चाळणीत अडकायला हवा.

नीतीची बाजू कायदा घेऊ लागला आहे. जुलै 2020 मध्ये अमेरिकी सीमाशुल्क खात्याने चीनच्या शिनजियांगमधून आलेला सुमारे 13 टन केसांचा माल सक्तीच्या मजुरीच्या संशयावरून अडवला. जून 2022 पासून तर तिथला माल सक्तीच्या मजुरीचा नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आयातदारावरच आली. हे योग्यच, पण कागद मागायला लागलो की कागद ठेवू शकणारे बडे व्यापारी टिकतात आणि फेरीवालीच आधी बाहेर फेकली जाते, ही भीतीही खोटी नाही. शिवाय हजारो डोक्यांचा गुंता एका पोत्यात गेल्यावर त्याचे मूळ कोण शोधणार?

तरीही साखळीतल्या मधल्या माणसाला 'नाही' म्हणता येते. 1890 मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करायला नकार दिला होता. तेव्हा ते डोके समोर होते. कंटेनरमध्ये भरलेल्या मालाला डोके नसते, म्हणून आता हे काम विक्रेत्याने करायला हवे, आणि सर्वांत बलवान विक्रेता खुद्द देवस्थान आहे.

भाविकांना केसांचा मोबदला द्यावा, ही सूचना मला पटत नाही. दानाची किंमत ठरली की गरिबाच्या डोक्यावर दलालाची नजर पडते. माहिती देणे मात्र वेगळे. त्याने नवसाचा व्यवहार होईल, असा आक्षेप निघेल. पण व्यवहार तर लिलावाच्या दिवशीच झालेला असतो. देवस्थानाने लिलावाच्या अटींत माल कुठे, कोणत्या मजुरीवर साफ होतो आणि कुठल्या देशात जातो हे जाहीर करण्याचे बंधन घालावे, आणि ती माहिती कल्याणकट्ट्यात तेलुगू, तमिळ, हिंदी, मराठीत फलकावर लावावी. मग ज्याला केस द्यायचे तो जाणून देईल आणि ज्याला घ्यायचे नाहीत तो जाणून नाकारेल.