मनाईची मुदत

आमच्या लासूर स्टेशनच्या दवाखान्यात पंचाहत्तरीचे एक आजोबा वर्षानुवर्षे येतात. त्यांचे मूळ गाव गंगापूर तालुक्यात, गोदावरीच्या काठी होते. पैठणजवळ जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि नाथसागराच्या फुगवट्यात इतर अनेक गावांबरोबर तेही बुडाले. गावाबाहेरचा उंच माळ तेवढा पाण्यावर राहिला; त्याचे बेट झाले. दर हिवाळ्यात मुलाबरोबर कायगावच्या बाजूला जाऊन ते बेट आणि त्यावर उतरलेले पक्षी पाहणे, हा आजोबांचा नेम. मुलाला छायाचित्रणाचा नाद आहे, आणि थोडाफार मलाही.

गेल्या उन्हाळ्यात पहाटे लघवीसाठी उठताना आजोबांना चक्कर आली आणि ते पडले. सुदैवाने हाड मोडले नाही. तपासले तेव्हा वरचा रक्तदाब झोपलेल्या स्थितीत १४० होता. उभे केल्यावर तो ११० वर आला. उभे राहताच वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर तोल जाण्याचा धोका असतो. मी गोळ्यांची मात्रा बदलली आणि बजावले, “आता घराबाहेर पडायचे नाही.” तीन आठवड्यांत रक्तदाब स्थिरावला. मनाई मात्र उठवायची राहून गेली. मी विसरलो, आणि घरच्यांनी भीतीपोटी ती काटेकोर पाळली.

डिसेंबरात त्यांची सून आली. “डॉक्टरसाहेब, बाबा नीट जेवत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. पाखरं आली असतील, एवढंच म्हणतात.” मी घरी जाऊन पाहिले. खुर्चीतून उठताना आजोबांना दोन्ही हात टेकावे लागत होते. महिनोन् महिने बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू आटले होते. पडू नयेत म्हणून ज्यांना आम्ही बसवून ठेवले, ते त्यामुळेच पडण्याच्या अधिक जवळ गेले होते. चूक माझी होती. मी ती त्यांच्यासमोर मान्य केली.

मग रोज दोन वेळा, भिंतीला टेकलेल्या खुर्चीतून कुणाच्या देखरेखीखाली दहादा उठणे-बसणे, आणि अंगणातल्या फेऱ्या सुरू केल्या. जानेवारीच्या अखेरीस आम्ही सारे पाण्यावर गेलो.

जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. त्याच्या जलाशयात लहानमोठी सुमारे तीस बेटे आहेत. त्या सकाळी काठच्या गाळात पट्टकादंबांचा थवा होता. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. सात हजार मीटरहून अधिक उंचीवरून उडाल्याची त्यांची नोंद आहे. आजोबांचा हात थरथरतो, त्यामुळे दुर्बीण स्थिर राहीना. मुलाने कॅमेरा तिवईवर लावला आणि त्याच्या पडद्यावर त्यांना चित्र दाखवले. त्यांची नजर प्रथम हंसांवर गेलीच नाही. मागच्या उंचवट्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “हा आमचा माळ. इथं गुरं बसायची.”

नावेने तिथे जावे, अशी त्यांची इच्छा होती. मुलाने नकार दिला. नाव जवळ गेली की थवा उठतो आणि दूरच्या प्रवासासाठी साठवलेली त्याची शक्ती उगाच खर्च होते. उन्हाळ्यात तर नदी सुरयासारखे पक्षी अशा बेटांवर उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “राहू दे. इथूनच बघू.” घरी परतल्यावर त्यांनी भाकरी मागून घेतली.

वृद्धांना अशा ठिकाणी नेताना काही गोष्टी सांभाळाव्यात. छायाचित्र काढणाऱ्यावर वृद्धाची जबाबदारी सोपवू नये. त्याचा डोळा भिंगाला लागलेला असतो. त्यासाठी दुसरा माणूस हवा. दूरचे व जवळचे एकाच काचेत असलेल्या चष्म्याने पायाखालची जमीन धूसर दिसते. चालताना केवळ दूरचा चष्मा वापरावा. उकिडवे बसण्याऐवजी घडीचे स्टूल न्यावे आणि उठल्यावर दहा अंक मोजूनच पाऊल टाकावे. मधुमेह असल्यास उपाशीपोटी निघू नये, खिशात साखर ठेवावी. लघवी वाढवणारी गोळी आपल्या मनाने टाळू नये; ती कोणत्या वेळी घ्यावी, हे आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि एक विनंती माझ्यासारख्या डॉक्टरांच्या वतीने. आम्ही “हे करू नका” म्हणालो, की लगेच विचारा, “किती दिवस?” ती तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या आणि त्या दिवशी पुन्हा या. गोळीला मुदत असते, तशी मनाईलाही असली पाहिजे.