खेळाचा अर्थ आणि विद्यापीठीय समीक्षा

संगणकीय खेळांचा अभ्यास विद्यापीठात आला तो सीमातंट्यासह. २००१ साली ‘गेम स्टडीज’ या नियतकालिकाच्या पहिल्या अंकात एस्पेन आर्सेथ यांनी हे या ज्ञानशाखेचे पहिले वर्ष असल्याचे घोषित केले आणि साहित्य व चित्रपट या क्षेत्रांच्या वसाहतवादी वृत्तीविरुद्ध इशारा दिला. इशारा अनाठायी नव्हता. जॅनेट मरे यांनी १९९७ मध्ये ‘टेट्रिस’ या खेळात नव्वदीच्या दशकातील अमेरिकनांच्या कार्यभाराने दबलेल्या जीवनाचे प्रतिरूप पाहिले होते. हा खेळ १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाझितनोव्ह यांनी रचला, ही गोष्ट अशा अर्थनिर्णयाला अडसर वाटू नये, यातच त्या पद्धतीचे दौर्बल्य आहे. प्रत्येक वस्तूला संहिता मानणारी समीक्षा शेवटी स्वतःचेच प्रतिबिंब वाचत राहते.

परंतु या अतिक्रमणावर क्रीडामीमांसकांनी योजलेला उपाय रोगाइतकाच घातक ठरला. लारा क्रॉफ्टच्या देहाची ठेवण खेळाडू म्हणून आपल्याला अप्रस्तुत आहे, कारण देह निराळा असता तरी आपले खेळणे बदलले नसते, असे आर्सेथ यांनी २००४ मध्ये प्रतिपादिले. नियम तेवढे सत्य आणि उरलेले सारे नेपथ्य, ही भूमिका नवी नाही. आशयाला हद्दपार करून स्वायत्ततेचा जयघोष करणारा रूपवाद साहित्यसमीक्षेने पुरेसा भोगला आहे.

या दोन्ही पक्षांना निरुत्तर करणारे उदाहरण संगणकाच्या कितीतरी आधीचे आहे. लिझी मॅगी यांनी १९०४ साली अमेरिकेत ‘लँडलॉर्ड्स गेम’ या पटखेळाचे एकस्व मिळवले. जमिनीची मक्तेदारी समाजाला कशी नाडते हे दाखवणे हा हेनरी जॉर्ज यांच्या अनुयायी असलेल्या मॅगी यांचा हेतू होता. या खेळाचे पुढे दोन नियमसंच झाले. एकात जमिनीचे भाडे मालकाच्या खिशात जाते. दुसऱ्यात ते सार्वजनिक तिजोरीत जमा होते. १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने मॅगी यांचे एकस्व पाचशे डॉलर्सना घेतले आणि ‘मोनॉपली’ बाजारात आणला. त्यात मक्तेदारीचाच नियम उरला. आपल्याकडे ‘व्यापार’ या नावाने घरोघर खेळला गेला तो याच खेळाचा अवतार.

पट तोच, फासे तेच, भाडेही तेच; मात्र ते कोणाकडे जाते हे बदलताच निषेधाचा गौरव झाला. केवळ पटावरची चित्रे आणि नावे वाचणाऱ्याला हा पालट दिसणार नाही. केवळ नियम मोजणाऱ्याला तो दिसेल, पण त्यात काय गमावले गेले हे सांगता येणार नाही; त्यासाठी जमिनीच्या प्रश्नाचा इतिहास ठाऊक असावा लागतो. नियम हीच येथे भाषा आहे, आणि कोणतीही भाषा समाजाबाहेर बोलली जात नाही.

म्हणूनच सिद्धान्त, रचना आणि संस्कृती या तीन स्वतंत्र प्रश्नपत्रिका करणारा प्रारंभिक अभ्यासक्रम मुळातच चुकतो. रचना शिकलेला विद्यार्थी उद्योगाचा कुशल कारागीर होतो, सिद्धान्त शिकलेला टीपाकार; भाडे कोणाकडे जाते, हा प्रश्न दोघांपैकी कोणीच विचारत नाही. पहिल्याच तासाला विद्यार्थ्याने एखाद्या परिचित खेळाचा एक नियम बदलावा, तो खेळून पाहावा आणि अर्थ कोठे व कोणाच्या बाजूने सरकला ते लिहावे. हे लेखन ज्याला जमेल त्याच्या हाती समीक्षाही सुरक्षित राहील आणि खेळही.